आमच्याच पत्रकातून गाळ्यांची जाहिरात

ज्या माणसानं मला पत्रक लिहायला शिकवलं, त्यानंच माझं पत्रक बिल्डरच्या कामाला लावलं. हे मी आडून लिहिणार नाही. आडून लिहू नको, हेही त्यानंच शिकवलं होतं.

ते नांदेडहून एक साप्ताहिक काढायचे. कॉलेजात असताना मी तिथं काम केलं. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. माझा पहिला मसुदा त्यांनी लाल पेनानं निम्मा उडवला. म्हणाले, "पत्रक लोक उभ्यानं वाचतात, पोरी. एका हातात भाजीची पिशवी असते. पहिल्या ओळीत मागणी नसली की त्याच्यात भजी बांधतात." पुढं साप्ताहिक बंद पडलं आणि काकांनी फोनवरच्या बातम्यांचं पोर्टल काढलं. त्याचा मला राग नव्हता. पेपर कुणी विकत घेत नव्हतं, फोन सगळेच बघत होते. बातमी पोचली म्हणजे झालं, असं वाटायचं.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, जळकोटच्या बाजूला. आम्ही मणेर. आठवडी बाजारात चिंचेखाली माझी नानी बांगड्या घेऊन बसायची, आता तिथंच अम्मी बसते. शेजारी भाजीवाली मावशी. या दोघींच्या मध्ये सुतळीसुद्धा बांधलेली नाही. अम्मी नमाजाला गेली की मावशी बांगड्या भरते, मावशी चहाला गेली की अम्मी वांगी तोलते. त्या जागेवर गाळे बांधायचं ठरलं आणि बाजार बायपासच्या पलीकडं न्यायचं ठरलं. आता बाई भाजीला येते आणि जाता जाता बांगड्या भरते. नुसत्या बांगड्यांसाठी बायपास ओलांडून कोण येणार? चिंचेखालची जागा गेली की अम्मीचा धंदा गेला, इतकं सरळ होतं ते.

आम्ही बाजारात बसणाऱ्यांची समिती केली आणि मी काकांना फोन लावला. ते स्वतः आले. अम्मीसमोर उकिडवे बसून त्यांनी तिला बोलतं केलं. अम्मी कॅमेऱ्याला आधी लाजली, मग म्हणाली, "माझी आई हितंच बसली, मी हितंच बसते. आमाला उठवायचं तर आमाला इचारा की." मावशीही बोलली. काका आमच्या घरी जेवले, जाताना अम्मीनं त्यांना भाकरी बांधून दिल्या. व्हिडिओ काकांनी पोर्टलवर टाकला आणि त्या पानाची लिंक फोनाफोनांत फिरली. खाली लोकांनी लिहिलं, 'आम्ही सोबत आहोत', 'एक नंबर काम', 'मागं हटू नका'.

आमच्याकडं निवेदनाला पेपरचं कात्रण जोडायची पद्धत आहे. कात्रण असलं की साहेब निदान मान वर करून बघतात. मी काकांना म्हणाले, आता कात्रण आणू कुठून? ते हसले. "कात्रण कशाला? हा क्यूआर कोडचा चौकोन छाप पत्रकावर. फोन धरला की बातमी उघडते. कात्रण फाटतं, हे फाटत नाही." मी छापला. पत्रक बाजारातल्या प्रत्येकाच्या हातात दिलं, तेच निवेदनाला जोडलं.

निवेदनावरच्या सुनावणीच्या दिवशी तहसील कचेरीत क्लार्कनं चौकोनावर फोन धरला आणि माझ्याकडं बघितलं. "मॅडम, हे काय जोडलंय?"

फोनवर रंगीत इमारत होती. बाजार चौकात भव्य गाळे, बुकिंग सुरू. पान तेच होतं. अम्मी नव्हती, मावशी नव्हती. खाली आमच्या लोकांची वाक्यं मात्र जशीच्या तशी: आम्ही सोबत आहोत. एक नंबर काम. मागं हटू नका.

"तुमचा तर पाठिंबाच दिसून राहिला," क्लार्क म्हणाला. साहेबांनी पुढची तारीख दिली, पुरावा घेऊन या म्हणाले.

मी तशीच एसटी धरून नांदेड गाठलं. काका टेबलावर पाय घेऊन फोन बघत होते.

"काका, पेपरात छापलं असतं तर काय केलं असतं? घरोघर फिरून अंक गोळा केले असते?"

"पेपरात छापलं असतं तर वाचलं कुणी असतं? मी खोटं काय टाकलं, सांग. जाहिरात हाय म्हणून पोर्टल हाय. पोर्टल हाय म्हणून तुझ्या अम्मीला लोकांनी बघितलं."

"मग तिलाच का काढलं?"

"बिल्डरला तेच पान पाहिजे होतं. त्या पानावर लोक लई येऊन राहिले होते."

"कुठून येऊन राहिले होते?"

ते फोनमध्येच बघत म्हणाले, "तुमच्या पत्रकावरून."

मी व्हिडिओ तरी द्या म्हणाले. ठेवला नव्हता. फोनमधली जागा भरते म्हणाले.

घरी आल्यावर अम्मीला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "मी बोलले ते आता कुठंच नाही?" मी नाही म्हणाले. तिनं पोर्टलला शिव्या दिल्या नाहीत, काकांनाही नाही. भाकरी कशाला दिल्या, एवढंच म्हणाली.

पुढच्या बाजारी मावशी आमच्याशी बोलेना. मी नव्या अर्जावर अंगठा मागायला गेले तेव्हा तिनं हात पदरात घेतला.

"तुमच्याच कागदावर निगालं की. सुनेनं फोन धरून दाखिवलं. तुझी अम्मी गाळा घेऊन राहिली म्हणं."

"मावशी, ते आम्ही नाही टाकलं."

"कागद तूच दिला न्हवं मला?"

दिला होता. माझ्या हातानं दिला होता. पान बदलतं, पत्ता तोच राहतो, हे मी तिला तीनतीनदा समजावलं. ती मिरच्या निवडत राहिली. कागदावरचं रातोरात बदलतं यावर तिनं का विश्वास ठेवावा? कालपर्यंत बदलत नव्हतं. पलीकडच्या लसूणवाल्यानंही अर्ज परत केला. "आदी तुमचं ठरू द्या," म्हणाला.

बाजार उठला. अम्मीनं बांगड्यांची टोपली आवरली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि सवयीनं मावशीकडं वळून म्हणाली, "हात लाव गं."

मावशी पोती झटकत होती. तिला ऐकू गेलं होतं. अम्मी तशीच वाकून थांबली. मग टोपलीची दुसरी कड मी उचलली.