वाळूतली पिवळी रेघ

दिवाणखान्यातल्या माझ्या फोटोचं सगळे कौतुक करतात. वाळवंटातली रात्र, अर्धा तास उघडा ठेवलेला कॅमेरा, आणि ताऱ्यांनी आभाळात काढलेल्या नेमक्या कमानी.

आम्ही तंबू ठोकला होता तिथे उंटवाल्या भूरारामच्या झोपडीबाहेर खांबावर कंदील होता. त्याचा उजेड फोटोत येत होता. "अर्धा तास विझवता का?" मी विचारलं. तो घुटमळला, त्याने झोपडीमागच्या टेकड्यांकडे पाहिलं, मग म्हणाला, "तुम्ही पाहुणे." आणि वात खाली केली.

त्याची बायको शेजारच्या वस्तीवर गेली होती. वाळूत पायवाट टिकत नाही. घरातलं कुणी बाहेर असलं की तिथे कंदील विझवत नाहीत. हे मला ती उशिरा, दमून, हातात मिणमिणती बॅटरी घेऊन आली तेव्हा कळलं. तिने आधी आम्हा पाहुण्यांसाठी चहा टाकला.

शहरात अंधार उरला नाही म्हणून मी इतक्या लांब गेलो, आणि मागितला तो तिच्या वाटेवरचा.

फोटोत खाली एक बारीक पिवळी रेघ आहे. थोडी पुढे जाते, मागे वळते, पुन्हा वळते. पाहुणे विचारतात, "हे काय?"

"गाडी गेली असेल," मी म्हणतो.