रजेवरची फुलं

मस्टरकाका फुलांची हजेरी घ्यायचे. मोरिवलीतल्या एका केमिकल कारखान्यात ते टाइमकीपर होते. आठवडाभर कामगारांची हजेरी घ्यायची आणि रविवारी बदलापूरच्या पुढे, बारवीच्या रानात हिंडून यायचं, असा त्यांचा नेम. आल्यावर एका जुन्या कोऱ्या मस्टरमध्ये ते लिहीत: तेरडा हजर, कुर्डू हजर, सोनकी हजर. न दिसलेल्या फुलापुढे मात्र 'गैरहजर' कधी लिहीत नसत, 'रजेवर' लिहीत. म्हणायचे, "गैरहजर लिहिलं की नाव कापायची पाळी येते. रजेवरचं माणूस परत येतं."

त्या मस्टरलाही कारखान्याचाच नियम होता. खाडाखोड चालायची नाही. चूक झालीच तर शेजारी कारण लिहायचं आणि ज्याची चूक त्याने सही करायची.

आमची खोली त्यांच्या शेजारचीच. चाळीमागे त्यांनी हातभर जागेत रानच वाढू दिलं होतं. लोक हसायचे, "काका, गवत काय माजवलंय? गुलाब लावा की!" काका म्हणायचे, "गुलाबाला सगळेच बोलावतात. ही न बोलावता येतात, यांना कोणी विचारायचं?" आतून काकूंचा आवाज यायचा, "मला विचारा एकदा! मीपण न बोलावता चहा करतेय."

दहावीनंतर माझं शिक्षण थांबणार होतं. वडील बॉयलरवर हेल्पर. काका त्यांना एवढंच म्हणाले, "पोरीचं नाव कापू नका हो." मी उल्हासनगरच्या कॉलेजात गेले, बीएस्सी झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर. पुढे काकांच्याच शब्दावर त्यांच्या कारखान्याच्या लॅबमध्ये लागले. तोवर वडिलांचे गुडघे गेले होते. घर माझ्या पगारावर होतं.

त्याच पावसाळ्यात काका एक बाटली घेऊन लॅबच्या दारात आले. "कारखान्यामागच्या ओढ्याचं पाणी आहे. काठची कळलावी दोन वर्षं रजेवर आहे गं. बघ जरा, पाण्यात काही आहे का."

पाण्यात आम्ल होतं. साध्या लिटमसच्या कागदानेही ते सांगितलं. मी साहेबांकडे गेले. त्यांनी मान वर केली नाही. "मॅडम, तुम्हाला कन्फर्म व्हायचंय ना? मग ती बाटली ओतून टाका."

संध्याकाळी मी काकांना म्हटलं, "पाणी ठीक आहे, काका."

"तू सांगितलंस म्हणजे झालं," ते म्हणाले. "शिकलेलं माणूस आपलं असलं की किती बरं."

त्या वर्षी भाद्रपदात पावसाने ओढ दिली. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. एका सकाळी काका मागच्या रोपांसाठी ओढ्याकडून भरलेली बादली घेऊन येताना मला दिसले. मला कामावर जायला उशीर होत होता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. नंतरही रोज ती बादली दिसत राहिली. गौरी आणायच्या दिवशी सगळी चाळ तेरड्यासाठी काकांच्या मागच्या दारी यायची. त्या वर्षी तिथे पिवळी, जळलेली रोपं उभी होती. काका वाकून एकेकाची मुळं तपासत होते. "मीच मुळाशी माती जास्त ओढली बहुतेक," ते म्हणाले. मी शेजारी उभी होते. तेव्हा माझ्या कन्फर्मेशनला एक महिना उरला होता.

निवृत्त होऊन ते कोकणात गावी गेले, तेव्हा ते मस्टर त्यांनी माझ्या हाती दिलं. "माझ्या हाताला आता फूल लागत नाही. तुझ्याकडे असू दे." मी कन्फर्म झाले होते. तरी बोलले नाही. गावी जाऊन सांगेन म्हटलं. वर्षभरात काकूंचंच पत्र आलं, काका गेल्याचं.

त्यानंतर मी मस्टर शेवटपर्यंत चाळलं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: तेरडा, रजेवर. कुर्डू, रजेवर. कळलावी, रजेवर. शेजारी कारण: 'माझी चूक.'

खाली सही त्यांची आहे.