मे महिन्यातली शाल

सोलापुरात लोकरीचं विणकाम करणाऱ्या बाईची लोक जरा थट्टाच करतात. आमच्याकडे थंडी म्हणजे संक्रांतीच्या आधी काही दिवस पहाटे चादर ओढावी लागते, तेवढीच. तरी मला तो नाद लागला. शाळेतली नोकरी संपली होती, मुलगी लग्न होऊन बंगलोरला गेली होती, आणि दुपारी घरात काहीच हलत नसे. तेव्हा सुया हातात घेतल्या. पण माझी सवय अशी की एक काम पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू. नवी पेठेत लोकरीच्या दुकानापुढून गेले की पाय आपोआप आत वळायचे. नव्या रंगाचा गुंडा हातात घेतला की त्याचं काय होईल ते तिथंच दिसायला लागायचं, आणि घरी येऊन मी चप्पल काढायच्या आधी टाके घालायला बसायची. नवऱ्याच्या स्वेटरची पाठ तेवढी झालेली, मोजा एकाच पायाचा, एक शाल अर्ध्यावर, एका टोपीचा नुसता काठ. सगळं पिशव्यांमध्ये भरून पलंगाखाली.

सासरे गेल्यावर सासूबाई माळशिरसकडचं गाव सोडून आमच्याकडे राहायला आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांचं माहेर मेंढरं राखणारं. लहानपणी त्यांनी टकळीवर पुष्कळ लोकर कातलेली, त्यामुळे माझे गुलाबी, मोरपंखी गुंडे त्यांना खोटे वाटायचे. त्या ते बोटांत चोळून बघायच्या आणि परत ठेवायच्या.

"कुणासाटी एवढं विणतीस गं? हितं थंडी कुटं हाय?"

"हौस आहे आत्याबाई."

"हौस लई हाय, पर एक बी काम पुरं न्हाय की तुजं."

मला हसू यायचं. त्याही हसायच्या. आमचं बरं चाललं होतं.

मग त्या विसरायला लागल्या. आधी भाजीत मीठ दोनदा पडायचं. मग संध्याकाळ झाली की दारात उभ्या राहून विचारायच्या, मेंढरं आली का. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की हे आता वाढत जाणार, थांबवायला औषध नाही. घरी येताना रिक्षात आमच्या मधे बसलेल्या आत्याबाई रस्त्यावरच्या प्रत्येक झाडाकडे कौतुकानं बघत होत्या.

त्याच सुमाराला मुलीला दिवस गेले. मी बाळासाठी पांढरी शाल विणायला घेतली, जाळीच्या नक्षीची. या वेळी मधे दुसरं काही सुरू करायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते पाळतही होते. एक दिवस भाजी घेऊन घरी आले तर आत्याबाई खाली बसलेल्या, मांडीत माझ्या सुया, आणि शेजारी घट्ट, गोल गुंडाळलेला पांढरा गुंडा. शाल कुठंच नव्हती.

"गुतडा झाला व्हता," त्या म्हणाल्या. "समदा सोडवून ठिवला."

मी पिशवी हातात घेऊन तशीच खुर्चीवर बसले. कितीतरी आठवड्यांची नक्षी होती ती. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं झालं आत्याबाई."

नवरा म्हणाला, कपाटात टाक सगळं आणि कुलूप लाव. मी लावलं. पण रिकामे झाले तसे त्यांचे हात सैरभैर झाले. त्या पदराचे दोरे ओढायच्या, अंथरलेल्या चादरीची दशी न् दशी उपसून काढायच्या. एकदा उघड्या दारातून बाहेर पडल्या. यंत्रमागाच्या कारखान्यापाशी गोंधळून उभ्या होत्या, तिथून शेजारच्या बाई हाताला धरून त्यांना घेऊन आल्या. त्या दिवशी मी कुलूप काढलं.

आणि मग एकेक करून माझी अर्धवट कामं त्यांच्या हाती गेली. स्वेटरची पाठ गेली, मोजा गेला, टोपीचा काठ गेला. शेवटची ओळ मी आधीच सैल करून द्यायची, कारण धागा अडकला की त्या लहान मुलासारख्या रडायच्या. पलंगाखालचं संपलं तसं मी खास त्यांच्यासाठी विणायला लागले. सकाळी मी विणायचं, दुपारी त्यांनी उसवायचं. नक्षी नाही, घट-वाढ नाही, नुसती सुलट टाक्यांची लांबच लांब पट्टी. बाळाची शाल मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली होती, पण ती आतल्या खोलीत, दार लोटून.

तीच लोकर किती वेळा उसवणार? तिचा पीळ सुटला, बारीक गोळे आले, ती मधेच तुटायला लागली. म्हणून मी नवीन मागवली. या वेळी खरी, मेंढीची, न रंगवलेली, जरा खरखरीत. तिची रुंद पट्टी विणून मी त्यांच्या मांडीवर ठेवली. आत्याबाईंनी ती उसवली नाही. नाकाशी धरली आणि डोळे मिटून बराच वेळ तशाच बसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"धाकले, थंडी वाजती का गं?"

मे महिना होता. बाहेर फरशीवर पाय ठेववत नव्हता, पंखा गरम वारा फेकत होता. मी म्हटलं, "आत्याबाई, मी सून आहे तुमची." त्या घाबरल्या. "वाजती का न्हाय, सांग की," त्या परत म्हणाल्या.

"थोडी वाजते," मी म्हटलं.

त्यांनी ती पट्टी माझ्या खांद्यांवर घातली, दोन्ही टोकं हनुवटीखाली घट्ट धरली आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. लोकर मानेला टोचत होती, घामाच्या धारा लागल्या होत्या. मी हलले नाही. "आता वाजायची न्हाय," त्या म्हणाल्या.

त्यानंतर रोज तेच. उसवणं सुटलं. मला जवळ बसवायचं आणि गुंडाळायचं. ही धाकली कोण, मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, आईला बहीण नव्हती, एक थोरला भाऊ तेवढा.

बाळाची शाल श्रावणात पुरी झाली आणि बंगलोरला गेली. तोवर आत्याबाईंनी अंथरूण धरलं होतं. मी धाग्याचं टोक त्यांच्या बोटांत द्यायची, त्या ते धरून ठेवायच्या, पण ओढायच्या नाहीत. मग मीच इकडून थोडा सोडायची. दिवाळी झाल्यावर त्या गेल्या. सकाळी, मी तोंड पुसायला ओलं फडकं घेऊन आले तेव्हा.

दहाव्याला त्यांचे भाऊ आले. आमचे मामा, फार थकलेले. जेवणं झाली, माणसं पांगली, ते एकटे ओट्यावर बसले होते. मी पाणी घेऊन गेले आणि विचारलं, "मामा, आत्याबाईंना धाकटी बहीण होती का?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "तुला कुणी सांगितलं?"

"मला त्या धाकली म्हणायच्या."

मामांनी काठी बाजूला ठेवली. मग सांगायला लागले. ती सगळी भावंडं लहान होती, मेंढरांबरोबर घर सोडून लांब रानात उतरलेली. अवकाळी गारा आल्या. आईबाप मेंढरांमागं धावत होते आणि धाकली आत्याबाईंच्या मांडीवर होती. एकच घोंगडं, तेही भिजून जड झालेलं.

"हिनं त्येच गुंडाळलं तिला. रातभर धरून बसली. उजाडल्यावर आई लेकरू घ्यायला गेली तर ही देईना. निजलीया म्हणायची." मामांनी उपरण्यानं डोळे टिपले. "त्येच्यानंतर घरात कुणी तिचं नाव काडलं न्हाय." मग त्यांनी विचारलं, "तुला आजून काय म्हणायची?"

"थंडी वाजते का, विचारायच्या."

"मग तू?"

"मी म्हणायची, थोडी वाजते. मग त्या अंगावर घालायच्या. आता वाजायची नाही म्हणायच्या."

मामांनी मान हलवली. "बरं केलंस पोरी," म्हणाले, आणि काठी घेऊन उठले. त्यांच्या गाडीची वेळ झाली होती.

संध्याकाळी मी नवऱ्याला हे सगळं सांगितलं. तो आईच्या रिकाम्या खाटेवर बसला होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "आम्ही लहानपणी पावसात भिजून आलो की आई मारायची. फार मारायची. एरवी कधी हात उचलला नाही तिनं. मारून झालं की चुलीपुढं बसवायची आणि डोकं पुसत राहायची, केस वाळले तरी पुसतच राहायची. मला वाटायचं, तिला पाऊस आवडत नाही."

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.