मुद्दाम सोडलेला चेंडू

महाविद्यालयाच्या वाचनालयातील एका मासिकात आजच्या तारखेची नोंद आहे. अमेरिकेत पूर्वी याच दिवशी एका तरुण मुलीने बेसबॉलच्या दोन नामांकित धंदेवाईक खेळाडूंना बाद केले. पुढे पुस्ती जोडली आहे की, ते बहुधा मुद्दामच चुकले असावेत. वाचून कान तापले, कारण हे वाक्य मी लहानपणी रत्नागिरीच्या कातळावर ऐकले आहे.

पाडव्याच्या क्रिकेट सामन्यासाठी काका आमच्या वाडीचा संघ निवडत होते आणि मला त्यात जागा हवी होती. तापल्या जांभ्याचा वास येत होता. शिवणीवर बोटे आडवी धरून मी चेंडू टाकला. तो वळला आणि समोर फलंदाजी करणाऱ्या माझ्या चुलतभावाची, बंडूदादाची यष्टी पडली.

"मुद्दाम सोडलान हो त्याने," काका हसले.

"मग पुन्हा टाकत्ये. आता सोडू नकोस, दादा."

यष्टी पुन्हा पडली. योगायोगाची शंका फेडण्याची याहून सरळ रीत मला आजही ठाऊक नाही.

"काका, खरंच वळतो हो," दादा पुटपुटला.

"वळू दे. परकर नेसून सामन्यात कोण खेळतं गो?" काकांनी चेंडू माझ्याकडून घेऊन दादाला दिला. "त्याला बोटं कशी धरायची तेवढं दाखव."

तेव्हा मला जागा नाकारल्याचा राग आला होता. आज त्या शेवटच्या वाक्याचा अधिक येतो. त्या दिवशी मात्र मी दोन्ही हात पाठीमागे घेतले; बोटे दाखवली नाहीत.