कोऱ्या पट्टीवर स्वतःचे नाव लिहिणारे मुकादम सर

इक्बाल मुकादम सरांची आणि माझी पहिली भेट रियाधमधल्या आमच्या कार्यालयात, एका पांढऱ्या फळ्यासमोर झाली. यजमानांच्या बँकेतील नोकरीमुळे मी या शहरात आले होते आणि रुग्णालयांसाठी संगणक प्रणाली बनवणाऱ्या एका कंपनीत नुकतीच रुजू झाले होते. पाठ करून आणलेली इंग्रजी वाक्ये ऐनवेळी आठवेनात. प्रशिक्षण चालू असताना मी वहीत ‘ट्रेसिंग’ या शब्दापुढे ‘मागोवा’ असे लिहिले. मागून जाणारे सर थबकले.

“मराठी माध्यम काय?”

मी मान हलवली.

“माझं पण. दाभोळच्या खाडीकाठची शाळा. आता बाय, हा मागोवा तुझ्या आईला कळेल असा समजावून सांग बघू.”

मी अडखळत सांगितले. डॉक्टरांनी संगणकावर अहवाल मागितला की ती मागणी एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते. निघतानाच तिला एक ओळखक्रमांक द्यायचा. वाटेतल्या प्रत्येक प्रोग्रॅमने ती कधी आली आणि कधी गेली याची नोंद करायची आणि तो क्रमांक न विसरता पुढच्याच्या हाती द्यायचा. मग पडद्यावर प्रत्येकाच्या वेळेची एकेक आडवी पट्टी उमटते, आणि उशीर कुठे झाला ते दिसते.

“आणि एखाद्याने नोंदच केली नाही तर?”

“तिथे पट्टी कोरी राहील.”

“बरोबर. कोऱ्या पट्टीला सांभाळून राहा. तिथे माणसं आपल्याला पाहिजे ते वाचतात.”

हे वाक्य पुढे त्यांच्याच आयुष्यावर येऊन आदळणार आहे, याची त्या दिवशी आम्हा दोघांनाही कल्पना नव्हती.

सरांनी त्या कंपनीत उमेदीची सारी वर्षे घालवली होती. आमच्या सर्व प्रोग्रॅमांना मागोव्याच्या नोंदी जोडण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा मी त्यांची मदतनीस झाले. त्यांची शिस्त कडक होती. एकदा मी सोयीसाठी नोंदीत रुग्णाचे नावही घातले. सरांनी ते पाहिले आणि आवाज न चढवता म्हणाले, “माणसाचं दुखणं आपल्या पडद्यावर कशाला मांडायचं? उशीर कुणाचा ते आपल्याला बघायचंय, आजार कुणाचा ते नाही.” त्यानंतर मी एकही नोंद तो विचार केल्याशिवाय लिहिलेली नाही.

बैठकांमध्ये मी गप्प बसत असे. सर माझ्या शेजारची खुर्ची धरत आणि चर्चा माझ्या कामावर आली की म्हणत, “हे हिने केलंय, हीच सांगेल.” मग माझे तोडकेमोडके इंग्रजी संपेपर्यंत कोणालाही मध्ये बोलू देत नसत. त्यांच्या घरी, त्यांच्या पत्नी झुबेदाचाचींच्या हातची घावने खाताना मी हे सांगितले, तेव्हा चाची हसून म्हणाल्या, “कचेरीत दुसऱ्यांना बोलायला लावतात, घरी स्वतः तोंड उघडत नाहीत. यांनापण एखादी पट्टी लाव गो, कुठे अडकतात ते मला कळू दे!” सर मान खाली घालून घावन खात राहिले. त्यांची कन्या नाझनीन तेव्हा बारावीच्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती. तिची बारावी इथेच पूर्ण व्हावी, एवढीच त्या घराची इच्छा होती.

ती इच्छा सोपी राहिली नव्हती. सौदीकरणाची ती वर्षे होती. कार्यालयात दर काही महिन्यांनी एखादी खुर्ची रिकामी होई आणि तिथे स्थानिक तरुण येऊन बसे. देश त्यांचा, नोकऱ्यांवर पहिला हक्कही त्यांचाच. पण इकाम्याचे, म्हणजे तिथल्या निवास परवान्याचे, नूतनीकरण जवळ आलेल्या माणसाला हा न्याय शांतपणे पचवता येत नाही. सरांच्या हाताखाली फहद नावाचा एक सौदी अभियंता शिकण्यासाठी दिला गेला. फहद नोकरीच्या परीक्षाकाळात, म्हणजे प्रोबेशनमध्ये, उत्तीर्ण झाला की सरांची जागा त्याची होणार, आणि तो अनुत्तीर्ण झाला तर सरांना आणखी एक वर्ष मिळणार, हे सर्वांना ठाऊक होते. सर मात्र त्याला जीव लावून शिकवत. फहद त्यांना ‘उस्ताद’ म्हणे.

आणि मग तबूकची ती घटना घडली.

उत्तर सौदीतल्या तबूक शहरातील एका रुग्णालयात बांधकामावरचे एक कामगार दाखल झाले होते. त्यांच्या रक्तातील पोटॅशियम धोकादायकरीत्या वाढल्याचा अहवाल प्रयोगशाळेतून वेळेवर निघाला, पण डॉक्टरांच्या पडद्यावर फार उशिरा पोहोचला. ते गृहस्थ गेले. त्या उशिरामुळेच गेले की नाही, हे कोणीही निश्चित सांगितले नाही. उशीर झाला होता, एवढे मात्र निश्चित होते.

आम्ही मागोवा उघडला. सगळ्या पट्ट्या बारीक होत्या. एकच लांबलचक होती: अहवाल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमची, आणि तो प्रोग्रॅम फहदकडे होता. त्या पट्टीच्या पोटात सुरुवातीला थोड्या नोंदी होत्या, शेवटी थोड्या होत्या, आणि मधला सगळा भाग कोरा होता.

दुपारच्या चहाला आमच्या भारतीय मंडळींत वेगळीच हालचाल होती. देवधर नावाचे ज्येष्ठ सहकारी सरांच्या जवळ सरकले.

“मुकादमसाहेब, बघितलंत? कोटा भरायला माणसं आणली की हे असं होतं. आता कळेल यांना जुन्या माणसांची किंमत.”

“देवधर, माणूस गेलाय.”

“अहो, मला काय आनंद झालाय का? पण पट्टी त्याचीच आहे ना? तुम्ही थोडीच काढलीत? तुमचा इकामा होतो, पोरीची बारावी होते. तुम्ही फक्त गप्प बसा. गप्प बसायला तर तुम्हाला शिकवायला नको!”

दोघेतिघे हसले. सरांनी कप खाली ठेवला.

“मधला भाग कोरा आहे,” ते म्हणाले.

“असू दे की कोरा.”

सर उठून जागेवर गेले. मला त्यांनी हाक मारली नाही. मीच मागोमाग गेले. त्या कोऱ्या भागात काय चालते, हे त्यांना बहुधा पट्टी पाहताक्षणीच उमगले होते. आमच्या सगळ्या प्रोग्रॅमांच्या पोटात एक सामाईक लायब्ररी होती, म्हणजे एकदाच लिहून सर्वांनी आपापल्या ठिकाणी वापरलेला कोडचा भाग. निरोप एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवणे हे तिचे काम. ती सरांनी तरुणपणी लिहिली होती. त्या काळी रुग्णालयांच्या लाइनी वारंवार तुटत, म्हणून त्यांनी तिला एक सवय लावली होती: पलीकडून उत्तर आले नाही तर थांबायचे, पुन्हा प्रयत्न करायचा, प्रत्येक खेपेस आधीपेक्षा जास्त थांबायचे, आणि कोणाकडे तक्रार करायची नाही. आम्ही प्रत्येक प्रोग्रॅमला नोंदी जोडल्या, पण या लायब्ररीला जोडल्या नव्हत्या. ती सगळ्यांची होती, म्हणून कोणाच्याच यादीत नव्हती. सर स्वतःही म्हणाले होते, “ती जुनी आहे, भरवशाची आहे, तिला शेवटी हात लावू.” आता ती गप्प राहून जितका वेळ थांबे, तितका वेळ ज्याच्या पोटात ती असेल त्याच्या नावावर जमा होत असे.

सरांनी लायब्ररीत नोंदी जोडल्या. प्रत्येक प्रयत्नाची एक, प्रत्येक थांबण्याची एक. मग तबूकची ती परिस्थिती चाचणीच्या यंत्रावर जशीच्या तशी उभी केली आणि मागोवा पुन्हा उघडला. कोरा भाग भरून आला होता. पलीकडचा संगणक अगदी थोडा वेळ व्यग्र होता. बाकीचा सगळा उशीर लायब्ररीच्या थांबण्याचा होता. पट्टीवर लायब्ररीचे नाव होते, आणि लायब्ररीच्या माथ्यावर लेखक म्हणून सरांचे.

मी म्हणाले, “सर, हे अजून कोणी पाहिलेलं नाही.”

माझ्या मनात काय होते ते त्यांना कळले. ते रागावले नाहीत. “बाय, तू पाहिलंस ना? मी पाहिलं. बस झालं.”

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या बैठकीत त्यांनी दोन्ही मागोवे शेजारी शेजारी लावले आणि सांगितले, “ही पट्टी फहदची नाही, माझी आहे.” व्यवस्थापकांनी विचारले, “तुम्हाला खात्री आहे?” सर म्हणाले, “ती लायब्ररी मीच लिहिलीय. थांबायला मीच शिकवलं तिला.” देवधर टेबलाकडे बघत राहिले. बैठक संपल्यावर फहद दारात उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते.

“उस्ताद, तुम्ही बोलला नसतात तरी कोणाला कळलं नसतं.”

“मग पुढच्या वेळी पुन्हा कोणीतरी गेलं असतं,” सर म्हणाले. “यल्ला, चल, बस इकडे. हे थांबणं कमी कसं करायचं ते तुला दाखवतो. पुढे तुलाच सांभाळायचंय.”

या सचोटीचे चीज झाले असे इथे लिहिता आले असते, तर मला आनंद झाला असता. तसे काही झाले नाही. लायब्ररी दुरुस्त झाली, फहद परीक्षाकाळात उत्तीर्ण झाला, आणि सरांच्या इकाम्याचे नूतनीकरण झाले नाही. त्यांना कोणी दोष दिल्याचे कागदावर कुठेही नाही. धोरण बदलले, एवढेच सांगण्यात आले. नाझनीनला बारावी अर्धी टाकून गावी जावे लागले आणि तिचे एक वर्ष वाया गेले. निरोप द्यायला आम्ही घरी गेलो तेव्हा भांडी खोक्यांत भरली जात होती. देवधरही आले होते. “साहेब, चुकलं माझं,” एवढेच ते म्हणाले. सरांनी त्यांच्या हातात घावनाचा तवा दिला. “हा तुम्ही ठेवा. तिकडे आहे दुसरा.” चाचींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पण त्या दिवशी त्यांनी एकही थट्टा केली नाही.

आज सर खाडीकाठच्या आपल्या घरी असतात. या वयात त्यांना पुन्हा नोकरी मिळाली नाही आणि अलीकडे त्यांच्या डोळ्यांनीही साथ सोडायला सुरुवात केली आहे. आम्ही जुने सहकारी त्यांच्यावर काढत असलेल्या या गौरवग्रंथाची कल्पना कळताच ते म्हणाले, “गौरव कसला? त्या माणसाच्या घरच्यांना विचारा.” ते असे म्हणतात म्हणूनच हा ग्रंथ काढणे आम्हाला आवश्यक वाटले. आपल्या हातून घडलेल्या गोष्टीवर आपले नाव लिहून ठेवणारी माणसे आम्ही फार पाहिलेली नाहीत.

फहद आता नव्या मुलांना शिकवतो. नवा प्रोग्रॅम असो वा जुनी लायब्ररी, तो पहिला प्रश्न एकच विचारतो: “यात तुझं स्वतःचं काय आहे? आधी तिथे नोंद लाव.” हे तो कोणाकडून शिकला, हेही तो प्रत्येकाला सांगतो.

सर दर काही दिवसांनी फोन करतात. माझी चौकशी नंतर, आधी ते विचारतात, “तबूक बरं आहे ना?” मी मागोवा उघडून त्यांच्या लायब्ररीची पट्टी बघते. ती आता इतकी बारीक असते की डोळे ताणून शोधावी लागते. मी सांगते, “बरं आहे, सर.” मग ते माझी चौकशी करतात आणि फोन ठेवतात.

सरांना उदंड आयुष्य लाभो, त्यांची दृष्टी शाबूत राहो, चाचींची थट्टा त्या घरात परत येवो आणि नाझनीनचे राहिलेले शिक्षण पूर्ण झालेले त्यांना डोळे भरून पाहायला मिळो. तबूकचा तो प्रश्न विचारणे ते कधी थांबवतील असे मला वाटत नाही. पण त्यांनी तो पुष्कळ वर्षे विचारत राहावा, आणि प्रत्येक वेळी मला खरेपणाने तेच उत्तर देता यावे, हीच माझी प्रार्थना आहे.