मागे घेतलेला पास

आसनगावजवळच्या गोजरांच्या घरात पहिली इंजिनियर झाली ती रेश्मा. ऐरोलीच्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत ती टेस्टर होती. गावात कोणी कामाचं विचारलं तर सांगायची, "दुसऱ्यानं केलेलं बिघडवून बघते." आई धोंडूबाईला हे उत्तर मुळीच आवडायचं नाही.

कंपनी हॉस्पिटलांसाठी प्रोग्रॅम बनवायची. माणसं शेकड्यांनी, पण कामाला छोट्या छोट्या टीम. दर पंधरवड्याला प्रत्येक टीमनं थोडं थोडं काम पुरं करून द्यायचं आणि तिच्या टेस्टरनं 'पास' म्हटलं की ते पुढे जायचं. एका टीमचं दुसरीला ठाऊक नसे. म्हणून रेश्मानं आणि मुरबाडच्या प्रियांकानं सगळ्या टेस्टरांना बुधवारी जेवणाच्या सुट्टीत एका टेबलाशी जमवायला सुरुवात केली. कोणी काय बदललं, कुठं ठेच लागली, एवढंच बोलायचं. वर्षभरात त्या टेबलाला खुर्च्या पुरेनाशा झाल्या.

पुढे एकदा काम रखडल्याची बातमी त्या टेबलावरून थेट गिऱ्हाइकाच्या कानावर गेली. रेश्माचा मॅनेजर दिनेश, त्याला वरून बोलणी बसली. त्यानं बुधवार बंद करायला लावले. आपापल्या टीमपुरतं बघा, म्हणाला. रेश्मा अजून नोकरीत कायम झाली नव्हती. पुढच्या बुधवारपासून ती आपल्या जागेवरच जेवू लागली.

दोन हजार सातच्या मे महिन्यात तिच्या भावाचं लग्न निघालं. शुक्रवारी हळद. प्रियांका मुरबाडहून सकाळीच आली आणि दोघी मांडवात लसूण सोलायला बसल्या. बोलता बोलता प्रियांका म्हणाली, आमच्या टीमनं औषधाचं माप मिलिलिटरवरून सगळीकडे मिलिग्रॅममध्ये आणलं, एकदाचे सुटलो.

रेश्माचा हात थांबला. वॉर्डात नर्सच्या समोर कॉम्प्युटरचा जो पडदा असतो तो तिच्या टीमचा. तो प्रियांकाच्या टीमकडून नुसता आकडा उचलायचा आणि पुढे मिलिलिटर लावायचा. डॉक्टरांनी दहा मिलिग्रॅमचं इंजेक्शन लिहिलं, तर नर्सला दहा मिलिलिटर दिसणार होतं, म्हणजे कितीतरी पट जास्त औषध. आणि दोन्ही कामं आज संध्याकाळीच हॉस्पिटलांत चालू व्हायची होती. पास दोघींनीही देऊन टाकले होते.

"मला सांगितलं का नाहीस?"

"कुठं सांगू? बुधवार उरलाय का?"

गावात मोबाइलला रेंज नव्हती. काळूराममामाची जीप दारात होती. रेश्मा उठली तशी धोंडूबाई आडवी आली.

"घरात हलद हाय नि तू कुठं निघाली गो? लोकं काय म्हनतील?"

"आई, कुनाच्या तरी जिवाचा प्रश्न हाय."

धोंडूबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाट सोडली.

शहापूरला पोचल्यावर दिनेशचा फोन लागला. त्यानं ऐकून घेतलं, पण हॉस्पिटलांना शब्द दिला होता. तू सुट्टीवर आहेस, म्हणाला, काही निघालंच तर सोमवारी दुरुस्त करू.

"सोमवारपर्यंत नर्सनं काय करायचं, सर?" रेश्मा म्हणाली. "माझा पास मी मागे घेते."

"विचार करून बोल. अजून कायम व्हायचीयस तू."

फोन कट झाला. बाजारात लोडशेडिंग होतं. सायबर कॅफेवाल्यानं बॅटरीवर एकच कॉम्प्युटर चालू ठेवला होता, तोही किती वेळ टिकेल याची खात्री नाही म्हणाला. प्रियांकानं शेजारी बसून आपल्या टीमचा बदल सांगितला, रेश्मानं तो टाइप केला. दोघींचे पास मागे घेतो असं लिहून खाली दोघींची नावं घातली. मेल बुधवारच्या सगळ्या टेस्टरांना आणि दिनेशच्या वरच्या साहेबांना गेला, न गेला, तोच पडदा काळा झाला.

गेला की नाही, कळायला मार्ग नव्हता. दोघी जीपमध्ये येऊन बसल्या. मामानं विचारलं, निघायचं का? रेश्मा नाही म्हणाली; गावात फोन लागला नसता. नोकरी गेली हे तिनं मनाशी धरूनच टाकलं होतं. पण नोकरी जाऊनही काम थांबलं नाही तर? ऊन उतरत चाललं होतं. फोन वाजत नव्हता.

वाजला तेव्हा पलीकडे हरेश होता, तिसऱ्या एका टीमचा टेस्टर. मेल वाचून त्यानं दोन्ही कामं एकत्र चालवून पाहिली होती आणि चूक डोळ्यांनी बघितली होती. मग त्यानं आपला पास मागे घेतला. त्याचं पाहून बुधवारच्या बाकीच्यांनीही घेतले. साहेबांनी सगळंच थांबवलं होतं.

"थांबलं," रेश्मा प्रियांकाला म्हणाली. प्रियांकानं तिच्या हातातून फोन घेतला.

पुढच्या आठवड्यात चूक दुरुस्त होऊन काम हॉस्पिटलांत गेलं. दिनेशनं मात्र रेश्माला आपल्या टीममधून काढलं. हरेशच्या टीमनं तिला मागून घेतलं, तरी कायम व्हायला आणखी एक वर्ष गेलं आणि ते वर्ष तिनं धाकधुकीतच काढलं. बुधवार मात्र साहेबांच्या हुकमानं पुन्हा सुरू झाले. पहिल्याच बुधवारी दिनेश आला, डबा घेऊन टोकाला बसला. आधी डबा संपवला. मग रेश्माकडे न बघताच त्यानं विचारलं, "या पंधरवड्यात आमच्या पडद्याला धक्का लागेल असं कोणी काही बदललंय का?"

एका पोरानं बिचकतच हात वर केला.