घरमालकांची करवत

'हे जमणार नाही' हे तीन शब्द ऐकले की कुठलाही माणूस थोडा तरी खचतो. आमचे लातूरचे घरमालक मात्र ते ऐकून पोटभर जेवून उठल्यासारखे ताजेतवाने होत. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर आम्हा कारकुनांचीही तिकडे बदली झाली. या घरमालकांची मागची खोली मला मिळाली. पहिल्याच दिवशी त्यांनी ना जात विचारली, ना गाव. म्हणाले, "भाऊसाहेब, घरात सुरी हाय का? दाखवा." मी दाखवली. त्यांनी ती अंगठ्याच्या नखावरून फिरवली आणि शांतपणे शेजारच्या पत्र्यावर भिरकावली. "ही सुरी न्हाई, चमचा हाय." चौथ्या दिवशी त्यांनी स्वतः केलेली सुरी माझ्या हातात ठेवली. तिने टोमॅटो कापताना टोमॅटोला कळतसुद्धा नसे.

सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणे. डाळ मिलमध्ये ते तीस वर्षं फिटर होते. यंत्राच्या पट्ट्यात सापडून उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, तेव्हा मालकांनी शाल-नारळ देऊन त्यांना घरी बसवलं. घरी बसणं अप्पांना जमलं नाही. ट्रकचे मोडके कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगचे पोलादी पाट, भंगारातून आणायचे, गोवऱ्यांच्या आरात लाल करून राखेत मऊ करायचे आणि हॅक्सॉने कापून त्यांच्या सुऱ्या, विळ्यांची पाती, कोयते करायचे, हा त्यांचा नवा संसार. पण तीन बोटांच्या हाताने पोलाद कापायचं म्हणजे एका सुरीला दोन दिवस जात आणि तिसऱ्या दिवशी खांदा धरून बसावं लागे. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, त्यावर एरंडाची पानं बांधत आणि तोंडाने जे बोलत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग एके दिवशी अप्पा हैदराबादहून ती करवत घेऊन आले. दोन चाकांवर फिरणारी दातेरी पट्टी आणि खाली मोटर. बाजारातली सर्वांत स्वस्त जात. विकणाऱ्याने बजावलं होतं, "चाचा, इससे पाइप काटो, सलाख काटो. छुरी का काम इसके बस का नहीं." झालं! त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक की यंत्राबरोबर त्याने अप्पांना पुढच्या वर्षाचा शिधाही दिला आहे. काकूंनी यंत्राकडे पाहिलं, अप्पांच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "राहिलेली आठ बी देऊन टाकायची हायेत का?"

खरं सांगायचं तर विकणारा खोटं बोलत नव्हता. यंत्र चालू केलं की त्याचे पत्र्याचे पाय असे थरथरत की आपणच धावत जाऊन त्याला धरावं. पट्टी दर दहा मिनिटांनी चाकावरून उतरे आणि काप सरळ जायचा सोडून जावयासारखा रुसून बाजूला वळे. पहिली सुरी केळ्याच्या आकाराची झाली. अप्पांनी ती काकूंना देत सांगितलं, "मुद्दाम केलीय. भोपळ्यासाठी." मग त्यांनी यंत्राचा एकेक अवयव बदलायला घेतला. पाय काढून ते जाड लोखंडी अँगलच्या घोडीवर चढवलं आणि घोडीला वाळूने भरलेले दोन तेलाचे डबे बांधले. थरथर गेली. पट्टीला दोन्ही बाजूंनी धरायला स्कूटरची बेअरिंगं बसवली. पट्टी उतरायची थांबली. कापायचा पाट टेकवायला पोळपाटाएवढा पत्रा होता, तिथे अर्धा इंच जाडीची प्लेट आली. मोटरवर छोटी आणि यंत्रावर मोठी पुली घालून वेग निम्म्यावर आणला. मी विचारलं, "अप्पा, वेग कशाला कमी केला?" म्हणाले, "पोलादाला धाक दावून चालत न्हाई भाऊसाहेब. दमानं घेतलं की ते सोताच वाट देतं." पट्टी तुटली की पितळेचा टाका देऊन ते ती पुन्हा जोडत. सहा-सात महिन्यांनी विकणाऱ्याच्या यंत्रातली फक्त मोटर आणि दोन चाकं उरली होती. पण अप्पा ते मानायला तयार नव्हते. "यंत्र चांगलंच होतं. त्याला कुणी इचारलं नव्हतं, इतकंच."

नव्या जिल्ह्याची नवलाई ओसरायच्या आत दुष्काळ आला. आड आटले, गल्लीत टँकर आला की भांडी आधी धावत आणि माणसं मागून. पट्टी तापू नये म्हणून करवतीवर पाणी सोडायला काकूंनी बंदी केली, तेव्हा अप्पा मेणाचा तुकडा पट्टीवर घासून काम करू लागले. पाती कडक व्हावीत म्हणून त्यांना पाणी द्यायचं तेही करडीच्या तेलात. लाल पातं तेलात बुडालं की गल्लीभर असा वास सुटे की लोक भजी कुणाकडे म्हणून डोकावून जात. गावाबाहेर जनावरांची छावणी लागली. मी तिथे नोंदी करायला जात असे. लांबून ट्रकने ऊस येई, कुट्टी यंत्रात त्याचे तुकडे होत आणि तेच जनावरांचं जेवण. एका सकाळी उसाबरोबर दगड गेला आणि यंत्राची दोन्ही पाती फुटली. म्हाताऱ्या गाई सबंध उसाला तोंड लावून उभ्या होत्या. दात नव्हते, चावणार कशाने? मी संध्याकाळी हे घरी सांगितलं आणि म्हणालो, "पुण्याला पत्र गेलंय. आठ दिवसांत पाती येतील."

अप्पा ताटावरून उठले. "आठ दिस जनावरांना काय पत्र चारायचं?"

"अप्पा, ते पातं विळीसारखं वाकडं असतं. घरी जमणार नाही."

मी हे बोललो आणि जीभ चावली. काकू म्हणाल्या, "बोलायची काय गरज होती तुमाला?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच अप्पांनी फुटक्या पात्याचे तुकडे जुळवून मऊ केलेल्या रुंद पाटावर खडूने आकार काढला. गंमत अशी, की ज्या यंत्राला सरळ चालायला शिकवण्यात एवढे महिने गेले, त्याला आता वळायला सांगायचं होतं. सरळ पट्टी वळणात अडकू लागली. अप्पांनी कडेपासून खडूच्या रेघेपर्यंत शेजारीशेजारी काप घेतले आणि पोलादाची एकेक खपली पाडत वळण मोकळं केलं. मग कानस, मग बोल्टची भोकं, मग तेल. शेवटी पाती फुटाणेवाल्याच्या कढईतल्या तापल्या वाळूत पुरली, गव्हाळ रंग येईपर्यंत. नाहीतर पोलाद काचेसारखं तडकतं म्हणे. दिवस मावळायला आम्ही तिघं छावणीत पोहोचलो.

छावणीचे व्यवस्थापक घाबरले. "अप्पा, घरी केलेलं पातं. जोरात फिरताना फुटलं म्हंजे? कुणी उभं राहायचं म्होरं?"

"मी," अप्पा म्हणाले. "मागं सरा समदे."

यंत्र सुरू झालं. त्या तीन बोटांच्या हाताने त्यांनी उसाची मोळी उचलली आणि यंत्राच्या तोंडात सरकवली. काकू पदर तोंडात धरून उभ्या होत्या. मी डोळे मिटून घेतले, हे आज कबूल करतो. खर्र खर्र आवाज आला, एक क्षण अडखळला आणि मग एकसारखा चालू राहिला. डोळे उघडले तेव्हा अप्पांच्या पायाशी हिरव्या तुकड्यांचा ढीग होता आणि एक भाकड गाय दावं ताणून त्यात तोंड घालत होती. पुण्याची पाती बाराव्या दिवशी आली. ती छावणीच्या खोपीतल्या खिळ्याला टांगली गेली. व्यवस्थापकांनी सत्काराची गोष्ट काढली तेव्हा अप्पा म्हणाले, "शाल एकदा घेतली. बोटं गेली तवा. आता हात शाबूत हाय, आता कशाला?"

पुढे माझी नांदेडला बदली झाली. पत्रं लिहिणाऱ्यांपैकी अप्पा नव्हतेच. बऱ्याच वर्षांनी लातूरला गेलो तेव्हा काकू राहिल्या नव्हत्या. मागच्या खोलीत करवत चालू होती. अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत पडदा आला होता, डॉक्टरने यंत्राला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं. अर्थात म्हणूनच ते चालू होतं. मान तिरकी करून, कान पट्टीकडे लावून ते आवाजावर कापत होते. मला पाहून, म्हणजे ऐकून, त्यांनी बटण बंद केलं आणि नुकतं कापलेलं पातं पुढे केलं.

"बघा बरं भाऊसाहेब. टोक मधोमध आलंय का?"

टोक बरंच डावीकडे गेलं होतं. मी म्हणालो, "अगदी मधोमध, अप्पा."

त्यांनी पातं परत घेतलं, अंगठा सावकाश कडेवरून टोकापर्यंत नेला आणि तिथे थोडा वेळ ठेवला. मग हसले.

"सरकारी मानूस तुमी. रिपोर्ट लई चांगला लिवता."

आणि कानस घेऊन ते डावी कड घासायला बसले.